आरटीई २५ टक्के ऑनलाइन ॲडमिशन - फॉर्म सोपा, बाकीचं अवघड

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्यात खासगी शाळांना २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांना फुकट द्याव्या लागतात, आणि त्याचा फॉर्म सरकारच्या पोर्टलवर भरायचा असतो. आमच्या मुलीची ॲडमिशन २०२४ ला याच पोर्टलवरून झाली आणि यंदा बहिणीच्या मुलाचा फॉर्म मीच भरून दिला म्हणून लिहितोय, ज्यांची मुलं पहिलीच्या वयाची आहेत त्यांनी नक्की वाचा.

आधी चांगलं सांगतो. फॉर्म फुकट आहे, मोबाईलवर भरता येतो, शाळेच्या ऑफिसात कोणाच्या पाया पडायला लागत नाही आणि लॉटरी पूर्ण राज्याची एकत्र निघते त्यामुळे वशिल्याचा विषयच येत नाही. १० शाळा निवडता येतात. फक्त मॅपवरचा तो बलून बरोबर आपल्या घरावर ठेवा, कारण १ किलोमीटरच्या आतल्या मुलांना पहिला चान्स असतो आणि अंतर तिथूनच मोजतात.

खरी पळापळ कागदांची. भाड्याने राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, ॲग्रीमेंट रजिस्टर्ड पाहिजे आणि फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचं पाहिजे, नोटरी चालत नाही. आता घरमालक रजिस्टर करून देत नाही त्याला भाडेकरू काय करणार, आमच्या चाळीत किती जणांचं इथंच अडलं. आणि ओपनवाल्यांना उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार पण नाही!! पुण्यात वॉचमनला सुद्धा यापेक्षा जास्त पगार आहे, मग तो श्रीमंत झाला का? तिकडे ईडब्ल्यूएसच्या (आर्थिक दुर्बल घटक) आरक्षणाला ८ लाख चालतात. ही मर्यादा वाढवलीच पाहिजे.

२०२४ चं तर विचारू नका. ९ फेब्रुवारीला सरकारने नियम बदलला की १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. पोर्टलवर बघतो तर झेडपीच्या नि महापालिकेच्याच शाळा, तिथं तर फी तशीही नसते मग फॉर्म भरायचा कशाला. पालक कोर्टात गेले, ६ मे ला हायकोर्टाने स्थगिती दिली, परत नवीन फॉर्म भरले, १९ जुलैला तो बदल रद्द झाला आणि मग कुठे लॉटरीचा निकाल लागला. तोपर्यंत शाळा सुरू होऊन महिना झालेला, कितीतरी लोकांनी उसने पैसे काढून दुसरीकडे फी भरून टाकली होती ती परत कोण देणार. जे पालक आणि संघटना तेव्हा कोर्टात लढल्या त्यांचे मनापासून आभार, त्यांच्यामुळे आमची पोरगी आज त्या वर्गात बसतीये.

ॲडमिशन झाल्यावर पण सावध रहा. फी सरकार भरतं पण शाळांचे ते पैसे वर्षानुवर्ष थकतात आणि मग काही शाळा ॲक्टिविटी, बुक सेट, युनिफॉर्म अशा नावाने पालकांकडूनच काढतात. आमच्याकडे पण मागितले होते. लेखी द्या म्हटलं, नंतर कोणी विषय काढला नाही. तोंडी बोलण्यावर पैसे देऊ नका, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते.

अजून एक, हे सगळं आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी आपली, दहावीच्या तोंडावर पोराची शाळा बदलायची वेळ येते, त्यामुळे आत्तापासून थोडं थोडं बाजूला टाका.

माझ्याकडून ५ पैकी साडेतीन स्टार. उत्पन्नाचा दाखला आणि ॲग्रीमेंट दिवाळीनंतर लगेच करून घ्या, फॉर्म सुटल्यावर तहसीलला फार गर्दी होते.