कोबोटूलबॉक्स : आरोग्यव्यवस्थेवरच्या पीएच.डी.ला कितपत पुरतं?

इंदूरहून धार, झाबुआ, बडवानीकडे सर्वेला निघालेल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला मार्गदर्शक हल्ली हमखास सांगतात, ‘कागद नको, कोबो घ्या.’ सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवर प्रश्नावली भरून घेण्याचं साधन. संशोधनासाठीची प्राथमिक योजना मोफत, अँड्रॉइडवर चालणारं, नेटवर्क नसतानाही काम करणारं. हार्वर्डच्या मानवतावादी मदतकार्याच्या उपक्रमात ते वाढलं. युद्ध, भूकंप, निर्वासितांच्या छावण्या अशा जागी माहिती गोळा करणं हा मूळ हेतू; त्यामुळे गरीब देशांतल्या आरोग्यसेवांच्या अभ्यासात ते सहज रुळलं.

निकाल आधीच सांगून टाकतो. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांची तपासणी-यादी, आणि घरोघरी औषधोपचाराच्या खर्चाचा सर्वे, या दोन कामांसाठी बेलाशक घ्यावं. सखोल मुलाखती आणि गटचर्चांना ते जवळजवळ निरुपयोगी. आशा कार्यकर्ती पंचेचाळीस मिनिटं बोलते त्यातलं कोबोच्या चौकटीत जे मावतं ते विश्लेषणाच्या लायकीचं नसतं. तिथे साधा रेकॉर्डर, संमतीपत्र आणि त्याच रात्री लिहिलेली टिपणं. दोन्ही पद्धती एकत्र वापरणाऱ्या प्रबंधात हे दोन वेगळे मार्ग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

फॉर्म ब्राउझरमध्ये प्रश्न ओढून-सोडून बनवता येतो, आणि कार्यशाळांत तेवढंच शिकवतात. प्रश्न विसाच्या वर गेले की तो मार्ग सोडून एक्सेलकडे वळावं. एकाच फाइलमध्ये तीन शीटं: ‘सर्व्हे’मध्ये प्रश्न, ‘चॉइसेस’मध्ये पर्याय, ‘सेटिंग्ज’मध्ये फॉर्मचं नाव आणि भाषा. प्रत्येक प्रश्नाला टाइप, नेम, लेबल हे तीन रकाने लागतातच. लेबल म्हणजे पडद्यावर दिसणारं वाक्य. ते नंतर कितीही बदला. नेम मात्र विश्लेषणातल्या चलाचं नाव आहे. काम सुरू झाल्यावर ते बदललं की आधीची उत्तरं एका रकान्यात आणि नंतरची दुसऱ्यात जातात, आणि एकूण संख्या कशाशीच जुळत नाही. नावं छोटी आणि कागदी प्रश्नावलीच्या क्रमांकाशी जुळणारी ठेवावीत. जिल्हा निवडला की त्याचेच विकासखंड, विकासखंड निवडला की त्यातलीच केंद्रं दिसावीत, यासाठी ‘चॉइस फिल्टर’ आहे. केंद्राचं नाव टाइप करायला कधीही देऊ नये. एकाच केंद्राची चार स्पेलिंगं ठरलेली.

आरोग्य केंद्राच्या तपासणीत ‘औषध आहे का? होय/नाही’ हा प्रश्न सर्वांत जास्त दिसतो, आणि सर्वांत वाईट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘सारा’ या सज्जता-पाहणीत याच प्रश्नाला पाच उत्तरं असतात: मुदत न संपलेलं किमान एक प्रत्यक्ष पाहिलं, पाहिलं पण सगळ्यांची मुदत संपलेली, आहे म्हणाले पण दाखवलं नाही, आज नाही, कधीच नव्हतं. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, ओआरएसची पाकिटं, रक्तदाबाच्या गोळ्या अशा प्रत्येक वस्तूला हे पाच पर्याय ठेवा. कपाटाची किल्ली फार्मासिस्टच्या घरी असेल तर सर्वेक्षक कर्मचाऱ्याच्या शब्दावर ‘होय’ दाबतो, आणि तुमच्या प्रबंधात केंद्र सज्ज ठरतं. तिसरा पर्याय नेमका अशाच वेळेसाठी आहे. केंद्राची अपेक्षित लोकसंख्याही आधीच भरून ठेवावी. प्राथमिक आरोग्य केंद्राला सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी वा डोंगराळ भागात २०,००० हा निकष आहे. सपाट भागातलं सांवेर आणि आदिवासी भागातलं अलिराजपूर एकाच मापाने मोजले तर तुलना फसते.

खर्चाच्या प्रश्नावलीत कोबोची खरी परीक्षा होते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत रुग्णालयात भरती झाल्याचा खर्च मागच्या ३६५ दिवसांचा आणि इतर आजारपणाचा मागच्या १५ दिवसांचा विचारला होता. हेच कालावधी घेतले तर आकडे त्या फेरीशी ताडून पाहता येतात. ‘एकूण किती खर्च आला?’ असा एकच प्रश्न ठेवला तर उत्तर कमी येतं. डॉक्टरची फी, औषधं, तपासण्या, खाट, प्रवास, सोबत्याचं जेवण, बुडालेली मजुरी असं तोडून विचारावं आणि बेरीज फॉर्मला करू द्यावी. बेरीज पडद्यावर दाखवून ‘एवढाच ना?’ असं विचारलं की विसरलेला बसभाड्याचा आकडा हमखास बाहेर येतो.

याच ठिकाणी एक जुनी खोड महागात पडते. ‘माहीत नाही’ला ९९ हा संकेत देण्याची सवय कागदी प्रश्नावलीतून आलेली. रुपयांच्या रकान्यात ९९ म्हणजे नव्याण्णव रुपयेच, आणि ते निमूटपणे सरासरीत जाऊन बसतात. उणे ९९ घ्यावा; पण मग ‘उत्तर शून्य किंवा जास्त असावं’ अशी कॉन्स्ट्रेंट (उत्तरावरची अट) घातलेली असेल तर फॉर्म तो स्वीकारत नाही, म्हणून अटीत तेवढा अपवाद लिहावा. बेरजेच्या सूत्रातही उणे आकडे वगळावे लागतात, नाहीतर एका ‘माहीत नाही’पायी कुटुंबाचा खर्च ९९ रुपयांनी घटतो. घरखर्चाच्या १० किंवा २५ टक्क्यांवर गेलेला औषधोपचार ‘आपत्तीजनक’ धरायचा असेल, तर उंबरठ्याजवळची कुटुंबं अशा चुकांनी इकडची तिकडे होतात.

एका घरात दोघं-तिघं भरती झालेले असतील तर ‘रिपीट ग्रुप’ वापरावा, म्हणजे तेच प्रश्न प्रत्येक व्यक्तीसाठी पुन्हा विचारता येतात. त्याची माहिती वेगळ्या शीटवर उतरते आणि कुटुंबाच्या ओळीशी इंडेक्स क्रमांकाने जोडावी लागते. डाउनलोड करताना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर-फाइल) निवडलं तर हा भाग येतच नाही, एक्सेलच हवं. शिवाय सीएसव्ही थेट एक्सेलमध्ये उघडली की देवनागरी उत्तरांची अक्षरं विस्कटतात. स्टाटा किंवा आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांनी डाउनलोड करताना लेबलं न घेता एक्सएमएल व्हॅल्यूज, म्हणजे प्रश्नांची आणि पर्यायांची नेमं, घ्याव्यात. अनेक पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नात ‘यापैकी काही नाही’ आणि दुसरा पर्याय एकत्र निवडला जाऊ नये, ही अट आपण लिहायची असते. कोबो आपणहून अडवत नाही.

मैदानात जे बिघडतं ते बहुतेक फोनपाशी. पहिला घोळ सर्व्हरच्या पत्त्याचा: जागतिक सर्व्हरवर वेबसाइटचा पत्ता ‘केएफ’ने सुरू होतो, मोबाइल अॅपमध्ये ‘केसी’ने सुरू होणारा टाकायचा असतो. क्यूआर कोडने फोन जोडले तर हा प्रश्नच उरत नाही. दुसरा घोळ मसुद्यांचा. सर्वेक्षक फॉर्म ‘ड्राफ्ट’मध्ये ठेवतो आणि पाठवला समजतो. न पाठवलेली माहिती फक्त त्या फोनवर असते. अॅप काढून टाकलं किंवा त्याचा डेटा साफ केला की गेली, मदत-कक्षालाही परत आणता येत नाही. रोज संध्याकाळी मुक्कामी आल्यावर पर्यवेक्षकाने प्रत्येक फोनचा पाठवलेल्यांचा आकडा वहीतल्या घरांच्या यादीशी ताडावा. फॉर्म मध्येच सुधारला तर सगळ्या फोनवर नवी आवृत्ती उतरल्याशिवाय दुसऱ्या दिवशी कोणी निघू नये.

जीपीएसला नेटवर्क लागत नाही, मोकळं आकाश लागतं. स्लॅबच्या खोलीत बसून पाच मीटरची अचूकता येण्याची वाट पाहण्यात मुलाखत थंडावते. ओट्यावर, आत जाण्याआधी घ्यावं. हिंदी लेबलांबरोबर प्रश्नाला आवाजाची फाइल जोडता येते. झाबुआत भिली बोलणाऱ्या बाईकडून प्रश्न रेकॉर्ड करून घेतले तर प्रत्येक सर्वेक्षक आपापली भिली करत नाही. ही सोय फार कमी जण वापरतात.

बनावट मुलाखती ओळखायला ‘ऑडिट’ हा प्रश्नप्रकार घालावा. कोणत्या प्रश्नावर किती सेकंद गेले त्याची नोंद होते. खर्चाचे वीस प्रश्न तीन मिनिटांत उरकले असतील, तर ते झाडाखाली बसून भरलेले आहेत असं समजावं. फोनचं घड्याळ मात्र आपोआप वेळ घेणारं हवं, नाहीतर सुरुवात-शेवटाच्या वेळांना अर्थ नाही. ऑडिट आहे हे सर्वेक्षकांना आधीच सांगावं. चोरून पाळत ठेवण्यापेक्षा त्याचा परिणाम चांगला होतो.

नैतिकता समितीपुढे अडतं ते सर्व्हर देशाबाहेर असल्याने. नाव, फोन नंबर, घराचं जीपीएस वेगळ्या फॉर्ममध्ये किंवा कागदावर ठेवून मुख्य फॉर्ममध्ये फक्त सांकेतिक क्रमांक घ्यावा. एन्क्रिप्शनची, म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवण्याची, सोय आहे, पण ती उघडणाऱ्या खासगी किल्लीची फाइल हरवली तर माहिती कायमची बंद. नोंदवह्यांचे फोटो काढायचे असतील तर रुग्णांच्या नावांचा रकाना झाकूनच. फोटोंनी मोफत योजनेतली साठवणही सर्वांत आधी भरते. योजनेच्या मर्यादा अधूनमधून बदलतात, त्यामुळे सर्वे सुरू करण्याआधी खात्यात जाऊन पाहून घ्याव्यात.

आता तक्रार, साधनाविरुद्ध नव्हे तर त्याच्या वापराविरुद्ध. पैसे देऊन फॉर्म बनवून घेण्याची पद्धत वाढली आहे. मग आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. व्हायव्हात (प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत) बाह्य परीक्षक विचारतात, तक्ता ३ मध्ये भाजक ४१२ आणि तक्ता ५ मध्ये ३८७ का? उत्तर एका ‘रेलेव्हंट’च्या (कोणता प्रश्न कोणाला दिसावा हे ठरवणाऱ्या) सूत्रात दडलेलं असतं, आणि ते सूत्र विद्यार्थ्याने कधी पाहिलेलंच नसतं. आरोग्यव्यवस्थेच्या संशोधनाचं प्रशिक्षण बरंचसं या फॉर्ममध्येच होतं: काय मोजायचं, कोणाला वगळायचं, ‘उपलब्ध’ म्हणजे काय. हे निर्णय पैसे देऊन दुसऱ्यावर सोपवू नयेत. कोर्सवर्कमध्ये दोन तासांचं प्रात्यक्षिक पुरत नाही. स्वतःची प्रश्नावली एक्सेलमध्ये लिहून, जवळच्या एखाद्या केंद्रावर चाचणी घेऊन, तो डेटा डाउनलोड करून एक तक्ता काढेपर्यंतचा पूर्ण फेरा करून घ्यावा.

पर्यायांबद्दल थोडक्यात. गूगल फॉर्म नेटवर्कशिवाय चालत नाही, म्हणून खेड्यात बाद. रेडकॅप उत्तम आहे, पण संस्थेने घेतलं असेल तरच. एकट्या विद्यार्थ्याला मिळत नाही. सर्व्हेसीटीओची गुणवत्ता-तपासणी अधिक चांगली, पण मासिक शुल्क शिष्यवृत्तीला झेपत नाही.

खातं विभागाच्या ईमेलवर उघडावं, विद्यार्थ्याच्या खासगी ईमेलवर नको. आधीच तसं झालं असेल तर प्रोजेक्टची मालकी दुसऱ्या खात्याकडे सोपवण्याची सोय आहे. विद्यार्थी नोकरीला लागून शहर सोडण्याआधी ते करून घ्यावं.