दवाखान्यात १५८, घरी १२८: ओमरॉन एचईएम-७१२० नेमकं कशासाठी घ्यायचं

दवाखान्यात वरचं बीपी १५८ आणि घरी १२८ आलं की पहिला संशय मशीनवर जातो. ‘घरची मशिनं खरी नसतात’ म्हणत ते कपाटात ठेवलं जातं. पण असे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. त्यांच्यातला फरक दाखवणं हेच ओमरॉन एचईएम-७१२० या घरी दंडावर बीपी मोजायच्या मशीनचं सगळ्यात मोलाचं काम आहे.

डॉक्टर समोर आले की शरीर सावध होतं. ॲड्रेनॅलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, बारीक रक्तवाहिन्या आवळतात. इटलीत जुझेप्पे मान्चिया आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली पेशंटच्या धमनीतच नळी ठेवून हे मोजलं. डॉक्टर खाटेजवळ आल्यावर पहिल्या काही मिनिटांत वरचं बीपी सरासरी २७ नं आणि खालचं १५ नं चढलं, भेट संपता संपता बरंचसं उतरलं. ‘मला तर अजिबात भीती वाटत नव्हती’ असं पेशंट मनापासून सांगतो, तरीही हे होतं. मनाला जाणवण्याआधीच रक्तवाहिन्यांना कळलेलं असतं.

दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० च्या वर आणि घरची सरासरी १३५/८५ च्या खाली, याला व्हाइट कोट हायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटासमोर चढणारं बीपी. उलटंही घडतं: डॉक्टरांकडे सगळं ठीक, पण घरी किंवा कामाच्या धबडग्यात बीपी चढलेलं. हा दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण दवाखान्यात तो सापडतच नाही. पहिल्या प्रकारालाही ‘नुसतं टेन्शन आहे’ म्हणून सोडून देऊ नये. अशा लोकांना पुढे कायमचं बीपी जडण्याची शक्यता जास्त असते.

आता मशीन. दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतं, चार एए सेलवर चालतं, एक बटण दाबलं की काम सुरू. दाबाच्या मोजणीतली कंपनीनं दिलेली अचूकता अधिक-उणे ३. मनगटावरच्या मशीनपेक्षा दंडावरचं केव्हाही बरं, कारण मनगट हृदयाच्या पातळीला नीट धरलं जात नाही. खरी अडचण पट्ट्याची आहे. सोबतचा पट्टा २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी आहे. दंड ३५ चा असेल तर तो कसाबसा बसतो, वेलक्रो चरचरत सुटायला लागतं आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. खरेदीआधी शिंप्याची टेप घ्या, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंड मोजा. ३२ च्या वर असेल तर मोठ्या पट्ट्याचं मॉडेल घ्या. दुसरी उणीव म्हणजे दोघांची खाती वेगळी नाहीत. नवरा-बायको एकच मशीन वापरत असतील तर मेमरीवर विसंबू नका, वही घाला.

मोजायची पद्धत चुकली तर हे मशीन काहीच कामाचं नाही. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा-नाश्ता आणि बीपीच्या गोळीच्या आधी बसा. त्याआधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. बाही दुमडून दंडावर करकचून चढवू नका, हात बाहेर काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून एक-दोन सेंमी वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूनं खाली, पट्टा दोन बोटं जातील एवढा सैल. हात टेबलावर, पट्टा छातीच्या मध्याशी. हात १० सेंमी खाली लोंबला तरी आकडा ७-८ नं वाढतो.

मग पाच मिनिटं गप्प. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मोजताना बोललात तर वरचं बीपी १० च्या आसपास सहज चढतं. ‘किती आलं गं?’ हा प्रश्न पट्टा फुगत असताना विचारू नये आणि त्याला उत्तरही देऊ नये. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, रात्री झोपण्याआधी तसंच दोनदा. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, कारण पहिल्या दिवशी मशीनचीच धास्ती असते. प्राणायाम करून लगेच मोजू नका. संथ श्वासानं बीपी तेवढ्यापुरतं उतरतं आणि रोजचा आकडा कळत नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: एकदा १४८ दिसलं की माणूस लगेच पुन्हा मोजतो, १५४ येतं, छाती धडधडते, पुढचं १६२. पांढरा कोट घालून मशीनच समोर बसल्यासारखं होतं. अशा वेळी पट्टा काढून ठेवा. ज्यांना आकडा बघवत नाही त्यांनी स्क्रीन घरातल्या दुसऱ्याकडे वळवावी, आकडे त्यानं लिहावेत आणि आठवड्यानं सरासरीच दाखवावी. एवढं करूनही मोजण्याचाच धसका बसत असेल तर डॉक्टरांना सांगून २४ तासांचं मॉनिटर लावून घ्यावं. ते झोपेतलंही बीपी टिपतं.

१८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, यातलं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. लक्षणं नसतील तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा आणि तरी तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. घरचे आकडे चांगले आले म्हणून गोळी मनानं बंद करणं तर नकोच.

नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरणं) असेल, तर अशी मशिनं कमी भरवशाची. अशा पेशंटनी तीनदा मोजून सरासरी धरावी. पहिल्या वेळी सगळ्यांनीच दोन्ही दंडांवर बीपी मोजा. १० पेक्षा जास्त फरक कायम राहिला तर तो डॉक्टरांना सांगा आणि जास्त आकड्याचा दंड पुढे वापरा.

वर्षातून एकदा मशीन आणि वही दोन्ही दवाखान्यात न्या. त्यांच्या मशीनवर एकदा, आपल्यावर एकदा, त्याच हातावर आलटून पालटून तीन वेळा मोजून घ्या. फरक दर वेळी एकाच बाजूला आणि ५ च्या वर असेल तर आधी पट्टा तपासा. नळी चिरलेली किंवा वेलक्रो झिजलेलं असलं तर नवा पट्टा घेऊन पुन्हा ताडून पाहा.