कर्करोग-प्रतिबंधाचे संशोधक घडवणारी फेलोशिप : एक परीक्षण

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९८७ साली सुरू केलेल्या ‘कॅन्सर प्रिव्हेन्शन फेलोशिप’ची सर्वांत मोलाची बाब म्हणजे तिच्यातील शिक्षणाचा क्रम. प्रयोगशाळेत पेशींवर काम करून पीएच.डी. मिळवलेल्या तरुणालाही येथे आधी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेण्याची सोय आहे, आणि त्यानंतर तो मार्गदर्शकाच्या हाताखाली काही वर्षे संशोधन करतो.

हा वेळ वाया जातो असे काहींना वाटेल. मला तसे मुळीच वाटत नाही. उपचारात समोर रुग्ण असतो, प्रतिबंधात मात्र हजारो निरोगी माणसे असतात, आणि त्यांना अपाय होता कामा नये. फिनलंडमध्ये याच संस्थेच्या सहकार्याने २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या (गाजरासारख्या भाज्यांत आढळणाऱ्या, शरीरात अ-जीवनसत्त्व बनणाऱ्या द्रव्याच्या) गोळ्यांमुळे फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढल्याचे १९९४ साली दिसून आले. प्रयोगशाळेतील आशा आणि लोकसमूहातील परिणाम यांतले हे अंतर ओळखायला संख्याशास्त्र, रोगपरिस्थितीविज्ञान (लोकसमूहात रोग कोणाला, किती आणि का होतात याचा अभ्यास) आणि संशोधनातील नीती एकत्रच शिकावी लागते.

मर्यादा एकच, पण मोठी: ही फेलोशिप अमेरिकी नागरिक व कायम रहिवासी यांनाच खुली आहे. ती सुरू झाली त्याच वर्षी आपल्या बार्शीत ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम सुरू झाले, हे आठवले की वाटते, त्या नोंदी वाचणाऱ्या आपल्या तरुणांनाही असे सलग, सवेतन प्रशिक्षण मिळायला हवे.