सॅम्बोर्न हाऊस की रेड हाऊस?

लंडनमध्ये व्हिक्टोरियन काळातलं एकच घर पाहायला वेळ असेल, तर माझं मत सॅम्बोर्न हाऊसला. 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचे व्यंगचित्रकार लिन्ली सॅम्बोर्न १८७५ मध्ये केन्सिंग्टनमधल्या या चाळीसारख्या सलग ओळीतल्या घरात राहायला आले. पुढच्या पिढ्यांनी फारसं काही हलवलं नाही, त्यामुळे खुर्च्या, चिनी मातीची भांडी, भिंतभर चित्रं, सगळं तिथंच आहे. त्यांच्या नातीच्या, लेडी रॉस यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये त्या काळच्या वास्तू जपणारी व्हिक्टोरियन सोसायटी उभी राहिली, तीही याच घरातून. इथलं जतन म्हणजे ऊन, धूळ आणि पाहुण्यांचे हात यांच्याशी रोजची झुंज. जड पडदे आणि अंधुक उजेड काहींना गुदमरवतो, हे खरं.

आग्नेय लंडनमधल्या बेक्सलीहीथचं रेड हाऊस स्थापत्य म्हणून मात्र कितीतरी सरस. वास्तुविशारद फिलिप वेबने कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिससाठी बांधलेलं, १८६० चं, लाल विटांचं. पण मॉरिस पाचच वर्षांत निघून गेले. सामान पांगलं, मालक बदलले, आणि ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे ते २००३ मध्ये आलं. इथं जतन म्हणजे शोध: नंतरच्या थरांखाली दडलेली भित्तिचित्रं हळूहळू उघडी करायची, पण पुसट झालेलं नव्यानं रंगवायचं नाही. जुन्या इमारती 'नव्यासारख्या' करण्याविरुद्ध १८७७ मध्ये संस्था काढणारे मॉरिस आणि वेबच, तेव्हा त्यांच्याच घरात दुसरं काय करणार? वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आधी इथंच जावं.