तामिया एक्स्ट्रा थिन सिमेंट: दोन किटांचा एक ट्रक जोडताना

वेगवेगळ्या प्लास्टिक मॉडेल-किटांचे भाग घेऊन कापूस वाहणाऱ्या ट्रकचं छोटं मॉडेल बांधायचं असेल, तर ४० मिलीची ही हिरव्या झाकणाची बाटली घ्याच. हा चिकट गोंद नव्हे, द्रावक आहे. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवून दोन भाग एकजीव करतो. भाग आधी जुळवून धरा, मग झाकणातला ब्रश फटीला टेकवा. द्रव आपोआप आत ओढला जातो. हलकं दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती पुसू नका, दुसऱ्या दिवशी घासा, फट बुजवायची पुट्टी वाचते.

चेसिस कापून लांब केली असेल तर नुसत्या सांध्याचा भरवसा नको. आतून १ मिमी प्लास्टिक शीटची पट्टी लावा आणि २४ तास सपाट काचेवर ठेवा, नाहीतर एखादं चाक अधांतरी राहतं. क्रोम आणि जुना रंग सांध्यापुरता खरवडावाच लागतो. रेझिनच्या ओतीव भागांना हे सिमेंट चालत नाही, तिथे सुपरग्लू.

१/२४ मापाची (खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाची) केबिन १/२५ च्या चेसिसवर बसवणार? ४ मीटरच्या खऱ्या गाडीच्या मॉडेलमध्ये जवळपास ७ मिमीचा फरक पडतो, तो सिमेंट काय भरणार!

आपल्याकडच्या मे महिन्यात, टिनाखालच्या खोलीत, हे भराभर उडतं. लांब सांधा तुकड्यातुकड्यानं करा, कूलरच्या झोतात बसू नका, गॅस-चुलीपासून लांब ठेवा. बाटली कलंडू नये म्हणून थर्माकोलमध्ये मात्र खोचू नका. सांडलं तर थर्माकोलही विरघळतो.