फळमाशीचे सापळे: हापूसच्या एका हंगामानंतर

सापळा घ्यावा, पण त्याच्या भरवशावर बाग सोडू नये. हंगामभर वापरल्यावर माझं मत हे.

आमची रत्नागिरीकडची जुनी हापूस कलमं. आंबा पेटीने थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांकडे जातो. माशी तयार फळाच्या सालीखाली अंडी घालते, तेव्हा वरून काहीच कळत नाही. आंबा अढीत पिकतो, पेटीत बसतो आणि अळी निघते ती गिऱ्हाइकाच्या ताटात. मग फोन येतो. २०१४ साली युरोपने भारतीय आंबा थांबवला तो फळमाशीपायीच. आमची निर्यात नाही, पण पुण्यातलं गिऱ्हाईक युरोपपेक्षा कमी कडक नसतं.

सापळा म्हणजे प्लास्टिकचा डबा, आत मिथाइल युजेनॉल (वासाने माशीला ओढणारं रसायन) आणि थोडं कीटकनाशक मुरवलेला लाकडी ठोकळा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा प्रसिद्ध आहे. मी घेतले ते दुसऱ्या बनावटीचे. मार्च लागताच एकराला चार, सावलीतल्या खालच्या फांद्यांना टांगले. घेताना ठोकळा कोणता ते विचारा. काकडी-दोडक्याच्या माशीला क्यू-ल्युअर हे वेगळं आमिष लागतं. डबा दिसायला तोच, पण आंब्याची माशी त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

माश्या लगेच पडायला लागल्या. भरलेला डबा बघून बरं वाटतं, पण त्यात सगळे नर. अंडी घालणारी मादी या वासाला येतच नाही. नर संपले की माद्या वांझ राहतात हे गणित खरं, पण एक उरलेला नर बऱ्याच माद्यांना पुरतो, आणि शेजारच्या बागेतून फळलेली मादी आली तर तिला कोण अडवणार? वरच्या अंगाच्या काकांनी एप्रिलमध्ये डबे टांगले, तेव्हा कुठे फरक जाणवला. शेजाऱ्याला पटवायचं काम माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

तितकंच महत्त्वाचं म्हणजे गळलेली फळं रोज उचलणं. अळी फळातून निघून मातीत कोष करते, म्हणजे झाडाखाली सडणारा आंबा हीच पुढची पिढी. दोन फूट खोल पुरा, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात टाका. उघड्या टोपलीत ठेवू नका, या अळ्या अंग वाकवून टुणकन उड्या मारतात.

तक्रारी किरकोळ आहेत. लाल मुंग्या मेलेल्या माश्या पळवतात, म्हणून तारेला ग्रीस लावलं. डब्याला पाणी निघायला भोक नव्हतं, ते तापल्या खिळ्याने पाडलं. उन्हाने ठोकळ्याचा वास उतरतो, मध्येच नवा घालावा लागतो. तो खर्च आधीच धरा.

मार्च-एप्रिलच्या पेट्यांबद्दल अळीची एकही तक्रार आली नाही. पण तेव्हा माशी मुळातच कमी असते, सगळं श्रेय डब्याला देणार नाही. मेमध्ये वळवाचा पाऊस झाला आणि डबे भरत असतानाही फळं किडली. पाऊस दिसायला लागला की झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन झाड मोकळं करायचं, उरलासुरला माल कॅनिंगला द्यायचा, यावर सापळा हा पर्याय नाही.

तरी काढणीच्या तोंडावर माशीसाठी फवारा मारावा लागला नाही, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. मोहोरावरच्या तुडतुड्यांची फवारणी मात्र सुटलेली नाही.

पुढच्या हंगामाला डबे हेच, ठोकळे नवे. हाताला येणाऱ्या लहान कलमांवर फळ अंड्याएवढं झालं की वर्तमानपत्राच्या पिशव्या घालून बघणार आहे. जुन्या उंच कलमांवर ते गड्यांच्या मजुरीतच जाईल.