ओट्याखालची कप-बशीची ट्रॉली: एक पावसाळा काढल्यावर

घ्यावी का? घ्यावी, पण फक्त कप-बश्यांसाठी. पेले, फुलपात्रं, काचेचे ग्लास सगळं एकाच ट्रॉलीत कोंबलं की महिनाभरात तिची अडगळ होते.

ही बास्केट स्टेनलेस स्टीलच्या तारेची आहे. 19 इंच रुंद, 20 इंच खोल, 6 इंच उंच. मापात घोळ होतो तो चॅनलमुळे, म्हणजे ट्रॉली ज्यांवर मागे-पुढे सरकते त्या बाजूच्या पट्ट्यांमुळे. टेलिस्कोपिक चॅनल दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच खातात, म्हणून खण आतून 20 इंच हवा. पाव इंच जरी कमी पडला तरी ट्रॉली घासत चालते आणि चॅनलमधले छर्रे लवकर जातात.

ट्रॉली भरण्याआधी सगळे कप, मग, ग्लास, बाटल्या ओट्यावर काढा. कानाला चीर गेलेला कप आधी बाद करा, कारण कढत चहाने चीर वाढते आणि भरल्या कपाचा कान हातात येतो. टवका उडालेला ग्लास कुणाला देऊही नका. बाटलीचा वॉशर काळा पडला असेल, तर नवा मिळत असला तरच ती ठेवा. रोजच्या वापराला माणशी एक कप नि एक पेला, वर चार पाहुण्यांसाठी; चौघांच्या घरात आठ कप पुरतात. हळदीकुंकवाच्या वाणातले कप, आहेरातले नाव घातलेले पेले यांचा मोह इथेच आवरायचा. ते माळ्यावर, खोक्यावर नग लिहून.

ट्रॉलीत बश्या खाचेत उभ्या, कप एकाच थरात. कपावर कप रचू नका. सॉफ्ट क्लोज, म्हणजे ट्रॉली हळूच बंद करणारी सोय, फक्त बंद होतानाचे शेवटचे दोन-एक इंच सांभाळतं. घाईत हिसका देऊन ट्रॉली उघडली की वरचा थर घसरतो.

काचेचा ग्लास तारेवर उपडा ठेवला तर सगळा भार काठावर, तोही तार लागते तेवढ्याच जागी येतो. काठ हाच ग्लासचा सगळ्यात नाजूक भाग, टवके तिथेच उडतात. ग्लास सपाट फळीवर, मॅट घालून, बुडावर उभेच ठेवावेत. स्टीलचे पेले एकात एक चालतात. अडकलेच तर आतल्यात बर्फाचं पाणी भरा, बाहेरचा कोमट पाण्यात धरा आणि पिळून सोडवा. ठोकून काठ चेपतो.

आता गंजाविषयी. बास्केट स्टेनलेस असली तरी चॅनल बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे असतात. ओले कप थेट आत ठेवले की पाणी चॅनलवर ठिबकतं, पहिला तांबूस डाग तिथे दिसतो आणि खालचं प्लाय फुगतं. कप जाळीत पूर्ण निथळूनच आत जावेत, पावसाळ्यात पुसूनच. बास्केट 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचीच मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. 202 ग्रेडचं स्टील दमट हवेत लवकर डागाळतं, आणि मॅग्नेट लावून दोन्हींतला फरक कळत नाही. तारेच्या घासणीने बास्केट घासू नका. लोखंडाचे कण मागे राहतात आणि तेच गंजतात. नायलॉनची घासणी नि भांड्यांचा साबण पुरे. सिंकखालचा खण शेजारीच असेल तर तिथली अ‍ॅसिडची बाटली हलवा. तिच्या वाफेने 304 लाही बारीक खड्डे पडतात, ते घासून जात नाहीत.